नवा आयफोन आत्ताच घ्यायचा का? बोटवाल्या घरांसाठी थोडा हिशेब



आजची पोस्ट डिझेलच्या व्हॅट परताव्याची नाही, बर्फाच्या दराचीही नाही. आज फोनवर लिहितोय. कारण गेल्या पंधरा दिवसांत सोसायटीच्या ऑफिसात मासळीपेक्षा फोनचीच चर्चा जास्त झाली.

परवा आमचे एक जुने ट्रॉलरवाले सभासद आले. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, मी त्यांना काका म्हणतो. सोबत मुलगा. काका खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सेक्रेटरी, तूच सांग रे याला. ब्याऐंशी हजारांचा फोन पाहिजे म्हणे. विंच अजून दुरुस्त व्हायचा आहे." मुलगा म्हणाला, "काका, साधा फोन नाही तो. समुद्रात टॉवर नसला तरी सॅटेलाइटवरून मेसेज जातो. बाबांच्याच सेफ्टीसाठी मागतोय." (तो मला काका म्हणतो, मी त्याच्या बापाला काका म्हणतो. आपल्याकडे असंच चालतं.)

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता. पण व्हिडिओ अमेरिकेतला होता, आणि सगळी गोम तिथेच आहे. त्या दिवशी दोघांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण दिवाळी तोंडावर आहे आणि हाच प्रश्न अजून दहा घरांत चालू असणार.

आधी फोनची माहिती. ॲपलने ९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७ जाहीर केला, १९ सप्टेंबरपासून भारतात विक्री सुरू झाली. मुंबईला बीकेसीच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग होती, धक्काबुक्की पण झाली, ती बातमी तुम्ही टीव्हीवर बघितली असेल. साध्या १७ ची किंमत तेव्हा ८२,९०० होती. एअर नावाचा पातळ फोन १,१९,९००. प्रो १,३४,९०० पासून पुढे. फोन चांगला आहे, त्यात वाद नाही. साध्या मॉडेलमध्ये २०२४ पर्यंत १२८ जीबी जागा मिळायची, आता २५६ मिळते. स्क्रीन उन्हात आधीपेक्षा जास्त उजळ दिसते, आणि डेकवर भर दुपारी फोन बघणाऱ्याला त्याची किंमत कळेल.

आता सॅटेलाइटचं.

टॉवर नसताना उपग्रहावरून मदतीचा मेसेज पाठवायची सोय आयफोन १४ पासून आली. २०२२ च्या नोव्हेंबरात ती अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली, मग युरोपातले काही देश, मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. भारत त्या यादीत नाही. फोनच्या पोटात यंत्र आहे, पण आपल्या समुद्रात ते चालत नाही. म्हणजे दुबईहून आणा, अमेरिकेहून आणा, नाही तर पणजीत घ्या, तीस वाव पाण्यात गेल्यावर टॉवर सुटला की हा फोन मेसेज पाठवण्याच्या कामात आपल्या दोन हजारांच्या बटणवाल्या फोनइतकाच गप्प.

याचं कारण आपला कायदा आहे. भारतात सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या फोनना तर बंदीच आहे. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या गोव्याच्याच विमानतळांवर परदेशी पर्यटकांकडे असली छोटी यंत्रं सापडली आणि ते बिचारे पोलीस स्टेशनात जाऊन बसले. ट्रेकिंगला नेतात तसलं यंत्र, काही वाईट हेतू नव्हता. म्हणून सांगतो, शिपवर काम करणाऱ्या कुणा भावाने-मेव्हण्याने "तुझ्या बोटीला उपयोगी पडेल" म्हणून असलं काही आणलं तर बोटीवर ठेवू नका. सागरी पोलिसांनी तपासलं तर मालक अडकेल, तांडेलही अडकेल.

मुलगा जरा गप्प झाला. मग त्याने विचारलं, "म्हणजे आपल्याला सॅटेलाइटचं काहीच नाही?"

आहे. आणि फुकट आहे. इस्रोने बनवलेला ट्रान्सपॉन्डर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली किनाऱ्यावरच्या राज्यांत मिळून १ लाख बोटींवर तो बसवायची योजना आहे, खर्च ३६४ कोटी. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ती सुरू झाली. बोटीवर यंत्र बसतं, ते ब्लूटूथने साध्या मोबाइलला जोडायचं, नभमित्र नावाचं ॲप वापरायचं. टॉवर नसला तरी मेसेज जातो, किनाऱ्यावरून हवामानाचा इशाराही येतो. मच्छीमाराला त्याचे पैसे पडत नाहीत. आपल्यातल्या काहींनी "आम्ही कुठे मासळी मारतो ते सरकारला कळेल" म्हणून तो बसवून घ्यायला टाळाटाळ केली, हे मला माहीत आहे. ज्याच्या घरात सेफ्टीसाठी ब्याऐंशी हजारांचा फोन मागितला जातोय आणि फुकटचं यंत्र नको म्हटलं जातंय, त्या घराने एकदा बसून बोलावं.

व्हीएचएफ सेट बंद पडला असेल तर तोही आधी करून घ्या. चॅनल १६ वर हाक मारली की आजूबाजूच्या सगळ्या बोटी ऐकतात, फोनवर एकच माणूस ऐकतो. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे. टॉवर मिळतो तिथपर्यंत कसल्याही फोनवरून लागतो.

जीपीएसचा पण एक गैरसमज आहे. बरेच जण समजतात की महागडा फोन म्हणजे समुद्रात जास्त लांबपर्यंत जीपीएस. तसं नाही. जीपीएसला टॉवर लागतच नाही, फोन उपग्रहाचं फक्त ऐकतो, बोलत नाही. पंधरा हजारांच्या फोनलाही तुमची जागा भर समुद्रात कळते. अडचण नकाशाची असते. तो आधी उतरवून ठेवला नसेल तर स्क्रीनवर निळ्या रंगाशिवाय काही दिसणार नाही. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये आपली भारतीय नाविक यंत्रणा पण चालते, १५ प्रो पासून. चांगली गोष्ट आहे. पण बोटीवर प्लॉटर असताना त्यासाठी १,३४,९०० कुणी मोजू नयेत.

आता पाणी. इथे माझा स्वतःचा अनुभव आहे, थोडा लाजिरवाणा.

चार वर्षांपूर्वी मीही एका कंपनीचा नवीन फोन बाजारात आल्या आल्या घेतला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात माझाही मूर्खपणा होता. जाहिरातीत फोन पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवला होता. मी जेटीवर मासळी उतरवताना बर्फाच्या पाण्यात हात घालून बिनधास्त वापरायचो. एकदा होडीतून उतरताना लाट आली, फोन खिशात भिजला. पुसला, चालू होता, खुशीत घरी आलो आणि तसाच चार्जिंगला लावला. सकाळी बंद. सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडून दाखवलं, चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज चढला होता. म्हणाला, पाणी गेलं की वॉरंटी नाही. मी म्हटलं, अरे वॉटरप्रूफ म्हणून तर विकलात. त्याने कागदावरची बारीक अक्षरं दाखवली. घरी येऊन बायकोला खरं काय झालं ते दोन दिवस सांगितलं नाही.

ती बारीक अक्षरं काय असतात ते समजून घ्या. नवीन आयफोनवर आयपी६८ लिहिलेलं असतं, ६ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ही परीक्षा प्रयोगशाळेत होते, गोड्या आणि स्थिर पाण्यात, कोऱ्या फोनवर. आपलं पाणी खारं, हलतं, आणि त्यात डिझेल, मासळीची खवलं, बर्फाचा चुरा. ॲपल स्वतःच सांगते की पाण्याला अडवायची ही ताकद कायमची नसते, वापराने कमी होत जाते. आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. फोनच्या आत सिमच्या खाचेजवळ एक छोटी खूण असते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. सर्व्हिसवाला पहिलं तेच बघतो. तिथे तुमचं गोड बोलणं चालत नाही.

खारं पाणी लागलंच तर काय करायचं? नळाच्या गोड्या पाण्याने हलकेच धुवा, कपड्याने पुसा, भोक खाली करून हातावर हळू आपटा, वाऱ्यावर ठेवा. किमान अर्धा तास चार्जरला हात लावू नका, पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. पाणी सुकतं पण मीठ आत राहतं, आणि ओल असताना वीज सोडली की गंज धरतो. माझं तेच झालं. आणि उकड्या तांदळाच्या डब्यात फोन खुपसायचा उपाय आपल्या सगळ्या घरांत आहे, तो सोडा. ॲपलनेही तांदळात ठेवू नका म्हणून सांगितलंय, कणी आत जाऊन आणखी बिघाड होतो.

सिमची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि दुकानदार ती सांगत नाहीत.

आयफोन एअरला सिम घालायची जागाच नाही. फक्त ई-सिम. भारतातल्या एअरलाही नाही. साध्या १७ ला आणि प्रोला भारतात जागा आहे, पण तेच फोन अमेरिका, दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन इथे घेतले तर त्यांना जागा नाही. आपल्या किती घरांत फोन आखातातून येतो ते मी सांगायला नको. भाऊ सुट्टीवर येताना घेऊन येणार, चार पैसे वाचले म्हणून आपण खूश.

पण समुद्रावर फोन बिघडला तर आपण काय करतो? पिन काढतो, सिम काढतो, खलाशाच्या फोनमध्ये घालतो, दोन मिनिटांत नंबर चालू. किनाऱ्याजवळ आलो की घरी फोन, बर्फवाल्याला फोन, एजंटला फोन. ई-सिम असेल तर हे होत नाही. नंबर दुसऱ्या फोनवर न्यायला इंटरनेट लागतं, कंपनीची प्रक्रिया लागते, कधी दुकानात जावं लागतं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, मासळीचे पैसे त्याच नंबरच्या यूपीआयवर. शहरातल्या ऑफिसवाल्याला ही थोडी गैरसोय वाटेल. आपल्याला लिलावाच्या सकाळी ती पुरी पडेल. आखातातून आणायचाच असेल तर निदान फोनची बाजू बघून खात्री करायला सांगा, खाच आहे की नाही. आणि इथे दुरुस्ती होईल का तेही पैसे द्यायच्या आधी विचारा.

लाँचच्या दिवशी फोन घेण्यात आणखी एक भानगड असते. पहिल्या काही आठवड्यांत चुका निघतात. २०२५ मध्येच बघा, १७ च्या फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ मधेच सुटत होतं, काही प्रकाशात फोटोत विचित्र डाग येत होते. कंपनीने २९ सप्टेंबरला सुधारणा पाठवली, म्हणजे विक्रीनंतर दहा दिवसांनी. २०२३ मध्ये १५ प्रो तापत होता, तेव्हाही ऑक्टोबरात सुधारणा आली. हे किरकोळ. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ ची बॅटरी पेट घेत होती, दोन महिन्यांत कंपनीला तो फोन बंदच करावा लागला. नवीन इंजिन आलं की आपण काय करतो? पहिला सीझन दुसऱ्याच्या बोटीवर बघतो. मग घेतो.

आणि किंमत. २०२२ चा १४, २०२३ चा १५, २०२४ चा १६, तिन्ही ७९,९०० ला आले. तिन्ही पुढच्या सप्टेंबरात कंपनीनेच ६९,९०० ला आणले. एका वर्षात १०,००० कमी, आणि सेलमध्ये त्याहूनही कमी होतात. २०२५ च्या सप्टेंबरच्या सेलमध्ये २०२४ चा १६ बँकेच्या ऑफरसकट पन्नास-बावन्न हजारांपर्यंत खाली आला होता. न्यायाने सांगायचं तर १६ ला १२८ जीबीच आहे, १७ ला दुप्पट. पण डेकवर वापरणाऱ्याला, व्हॉट्सॲप करणाऱ्याला, यूपीआय करणाऱ्याला दोघांत काय फरक कळणार? आणि ज्यांच्याकडे जुना आहे त्यांनी घाबरू नये. २०२५ चं नवीन सॉफ्टवेअर २०१९ च्या आयफोन ११ वर पण चालतं.

आता ईएमआय, कारण काकांचा मुलगा शेवटी म्हणाला, "एकदम कुठे देतोय? महिन्याला साडेतीन हजार."

८२,९०० भागिले २४, म्हणजे महिन्याला ३,४५४. ऐकायला बरं वाटतं. पण आपलं वर्ष बारा महिन्यांचं नाही हो, दहा महिन्यांचं आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी. दोन वर्षांच्या हप्त्यात दोन बंदी येणार, २०२६ ची आणि २०२७ ची. चार महिने बोट जेटीवर बांधलेली आणि हप्ता चालू, १३,८१६ रुपये. त्याच दोन महिन्यांत बोटीचं रंगकाम, जाळ्यांची दुरुस्ती, इंजिनचं काम, ऑगस्टसाठी खलाशांची उचल, शाळेची फी. बँकेच्या यंत्राला बंदी कळत नाही. एक हप्ता चुकला की दंड आणि सिबिल खाली. मग तोच माणूस मच्छीमारांच्या किसान क्रेडिट कार्डाचे कागद घेऊन माझ्याकडे येतो आणि बँक मॅनेजर म्हणतो, आधीचा हप्ता थकलाय. फोनच्या हप्त्यामुळे बोटीचं कर्ज अडलेलं मी या टेबलावर बसून बघितलंय, तेही एकदा नाही.

नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यातही बघा. व्याज असतंच, ते सुरुवातीला सूट म्हणून वजा दाखवतात. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी, वर प्रोसेसिंग फी. दुकानदाराला सरळ विचारा, "रोख दिले तर किती?" आकडा कमी आला तर तेवढी तुमच्या नो कॉस्टची कॉस्ट.

मग घ्यायचाच नाही का? मी तसं म्हणत नाही. ज्याच्या घरात पगार येतो, शिपवरून पैसे येतात, रोख आहे आणि बोटीचं काही अडत नाही, त्याने हौस करावी. आपल्या लोकांनी फक्त जाळीच घ्यायची आणि चांगली वस्तू कधी घ्यायचीच नाही, असा काही नियम नाही. एका सभासदाची मुलगी मासळीच्या ऑर्डर इन्स्टाग्रामवर घेते, फोटो तिच्या धंद्याचा भाग आहे. तिला चांगला कॅमेरा घेऊन दिला तर तो खर्च वसूल होईल. तिलाही मी म्हटलं, साधा १७ बघ नाही तर १६ बघ, आणि तो घरी ठेव, जेटीवर आणू नकोस.

बोटीवर नेण्यासाठी मात्र वेगळा फोन ठेवा. पंधरा हजारांच्या आत ५,००० एमएएचची बॅटरी मिळते, दोन सिम बसतात, स्पीकर मोठा असतो. वर प्लास्टिकची पाण्याची पिशवी, गळ्यात दोरी. पडला समुद्रात तर शिवी देऊन विसरता येतो. तांडेलाकडे एक बटणाचा फोन चार्ज करून कोरड्या डब्यात असू दे. ओल्या बोटांनी टचस्क्रीन लागत नाही, बटण लागतं.

काकांच्या घरी काय ठरलं ते विचाराल. आधी विंच. फोन मार्चमध्ये बघायचा, तोपर्यंत सीझन कसा जातो ते कळेल आणि भावही थोडा उतरला असेल. मुलगा नाराज होता, नरकासुराच्या रात्री मित्रांत नवीन फोन काढून दाखवायचा होता त्याला. मीही त्या वयात तेच केलं असतं. पण जाताना त्याने ट्रान्सपॉन्डरच्या अर्जाचा फोटो काढून नेला, जुन्याच फोनने.

ज्यांच्या बोटीला ट्रान्सपॉन्डर बसलाय पण ॲप जोडलेलं नाही, त्यांनी या आठवड्यात संध्याकाळी पाचनंतर ऑफिसात फोन घेऊन यावं. सोबत एखादा तरुण मुलगा आणा, मला ब्लूटूथ जोडायला चष्मा लागतो. समुद्राचा नकाशा आणि ते दोन नंबर पण तेव्हाच टाकून देऊ.